1989 च्या मस्टँगला मागचा ॲक्सल कोणता, 8.8 की 9 इंची?

तुमची गाडी 1989 ची फॉक्स बॉडी मस्टँग. 5.0 इंजिनावर सुपरचार्जर चढवून 450 हॉर्सपॉवर काढायचीय, आणि खाली आहे तो 8.8 इंची ॲक्सल ठेवावा की फोर्डचा 9 इंची बसवावा, असं विचारलंय. मला आधी सांगा, टायर कोणते लावणार?

मागचा ॲक्सल नुसत्या हॉर्सपॉवरने मोडत नाही. क्लच सोडला त्या क्षणी टायरने रस्ता किती घट्ट धरला, यावर सगळं ठरतं. हिशेब करून बघा. टॉर्क 400 फूट-पाउंड धरू, टी-5 चा, म्हणजे तुमच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सचा, पहिला गिअर 3.35, ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनचा रेशो (दातांचं गुणोत्तर) 3.73. गुणाकार येतो जवळपास 5,000. रस्त्यावरच्या साध्या टायरवर एवढा टॉर्क शाफ्टपर्यंत (चाक फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचतच नाही, टायर आधीच घसरतो. ड्रॅगचे चिकट टायर लावलेत की तो सगळा, शिवाय क्लचचा झटका, शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे आतल्या टोकावरच्या दातांवर येतो. (या टॉर्कला मूळ टी-5 फार दिवस टिकणार नाही, त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढा.)

माझा शाफ्ट असाच गेला. ड्रॅग स्ट्रिपवर चिकट टायर लावायची पहिलीच वेळ होती. 8.8 मध्ये शाफ्टचं आतलं टोक घोड्याच्या नालेसारख्या छोट्या सी-क्लिपने अडकवलेलं असतं. शाफ्ट तुटला की चाकाला धरून ठेवणारं काही उरत नाही. माझं चाक ड्रमसकट चार बोटं बाहेर सरकलं. आतला तुकडा काढला तेव्हा त्यावरचे स्प्लाइन पिळलेल्या कपड्यासारखे तिरके झाले होते. वेग कमी होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून सी-क्लिपच्या बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

तेव्हा माझं मत: 8.8 ठेवा, पण आहे तसा नको. 28 स्प्लाइनचे शाफ्ट काढून चांगल्या स्टीलचे 31 चे घाला, त्यांना जुळणाऱ्या डिफरन्शियलसह. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. स्प्लाइनच्या दातांचं माप तेच असल्यामुळे 31 भागिले 28 चा घन करा, 1.36 येतो. म्हणजे तीनच स्प्लाइन वाढले आणि ताकद तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढली. मग हाउसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या नळ्या. त्या मधल्या बिडाच्या भागात दाबून बसवलेल्या असतात आणि जोराच्या झटक्याने फिरू शकतात, म्हणून वेल्ड करून घ्या. बीड तापवून वेल्ड करणारा जाणकारच हवा, नाहीतर तडा जातो. ड्रॅग करणार असाल तर सी-क्लिप एलिमिनेटर (क्लिपऐवजी शाफ्ट धरून ठेवणारा जोड) लावाच. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमात पाव मैलाला 10.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ काढणाऱ्या गाडीला शाफ्ट धरून ठेवणारी अशी सोय सक्तीची आहे.

भंगारातला एक्सप्लोररचा 8.8 स्वस्तात मिळतो, 31 स्प्लाइन आणि डिस्क ब्रेकसह. मोह होईल. पण तो पाट्यांच्या स्प्रिंगवर बसणारा ॲक्सल, तुमच्या गाडीच्या वरच्या कंट्रोल आर्मचे (ॲक्सलला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) कान त्याला नाहीत. त्यातलं डिफरन्शियल आणि ब्रेक वापरा, हाउसिंग राहू द्या.

9 इंची कधी घ्यावा? दर आठवड्याला स्ट्रिपवर स्लिक (नक्षी नसलेले शर्यतीचे टायर) लावून जाणार असाल, किंवा रेशो सारखे बदलायचे असतील तेव्हा. त्याचा मधला गोळा समोरून अख्खा बाहेर येतो आणि पिनियनला तिसरं बेअरिंग असतं, हे त्याचं खरं बळ. पण वजन जास्त, आणि पिनियन फार खाली बसल्याने दात एकमेकांवर जास्त घासतात, थोडी ताकद तिथेच उष्णतेत जाते. रोज चालवायच्या गाडीला मी तो सुचवणार नाही.

रेशो 3.73 ठेवा. 26 इंची टायरवर, 0.68 च्या पाचव्या गिअरमध्ये, ताशी 65 मैलाला इंजिन साधारण 2,130 आरपीएमवर राहील.

पैसे वाचवायचे असतील तर पॉलिश केलेल्या कव्हरवर वाचवा, क्राउन-पिनियन बसवणाऱ्याच्या मजुरीत नको. दातांना पिवळी पेस्ट लावून उठलेला ठसा स्वतः बघा. तो दाताच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा बुडाला सरकलेला नको. पहिल्यांदा 15-20 मैल हळू चालवून ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्या, आणि 500 मैलांनी तेल बदला.