केंद्र सरकार राज्य सरकारचे वरिष्ठ असते का? एखाद्या विषयात शेवटचा शब्द कोणाचा, हे कसे ओळखायचे?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. जिल्हाधिकारी कार्यालय आणि तहसील कार्यालय यांच्यात जे वरिष्ठ-कनिष्ठ नाते असते, तसे केंद्र आणि राज्य यांच्यात नाही. दोन्ही सरकारांना अधिकार राज्यघटनेनेच दिले आहेत आणि ते विषयवार वाटून दिले आहेत. अनुच्छेद 246 आणि सातवी अनुसूची यांत ही वाटणी आहे. संघसूचीतील विषयांवर संसदेने, राज्यसूचीतील विषयांवर विधिमंडळाने आणि समवर्ती सूचीतील विषयांवर दोघांनीही कायदे करावेत, अशी ती रचना आहे. घटना अमलात आली तेव्हा या तीन सूच्यांत अनुक्रमे 97, 66 आणि 47 नोंदी होत्या. कोणत्याच सूचीत न बसणारा विषय अनुच्छेद 248 प्रमाणे संसदेकडे जातो.

मी दापोली तालुक्यात हर्णैला राहतो आणि एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या कागदपत्रांचे काम पाहतो, म्हणून उदाहरणही समुद्राचेच देतो. ‘मत्स्यव्यवसाय’ हा विषय राज्यसूचीत नोंद 21 वर आहे, तर प्रादेशिक जलधीच्या पलीकडची मासेमारी संघसूचीत नोंद 57 वर आहे. प्रादेशिक जलधीची हद्द 1976 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर आहे. तिच्यापुढे, त्याच आधाररेषेपासून मोजलेल्या 200 सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र आहे आणि तिथल्या मासेमारीवर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आहे. सकाळी बंदरातून सुटलेली नौका काही तासांत राज्याच्या कायद्यातून केंद्राच्या कायद्यात गेलेली असते, आणि तांडेलाने, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाने, जीपीएसवर नजर टाकली तरच ते त्याला कळते. माशांच्या थव्याला तर ही हद्द ठाऊकच नसते, आणि या वाटणीतली खरी अडचण तिथेच आहे.

आपल्या हद्दीसाठी राज्याने महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 केला. परवाने, जाळ्यांच्या आसाचे (छिद्रांच्या मापाचे) नियम, पर्ससीनवरील (थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांवरील) निर्बंध आणि दंड हे सारे त्याखाली येते. पलीकडच्या पाण्यातील परदेशी नौकांसाठी केंद्रानेही 1981 मध्येच कायदा केला. परंतु तिथे मासेमारी करणाऱ्या भारतीय नौकांसाठी सर्वंकष कायदा पुढे कितीतरी वर्षे नव्हता. त्या पोकळीचा फायदा प्रखर दिवे लावून मासळी ओढणाऱ्यांनी घेतला. 2017 मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, आणि 2021 मध्ये राज्याने आपला कायदा दुरुस्त करून दंड बराच वाढवला. तरीही राज्याची गस्तीनौका दिसली की अशी नौका 12 मैलांच्या बाहेर सरकते, आणि पलीकडे प्रामुख्याने तटरक्षक दलाचे काम असल्यामुळे तक्रार एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहते. छोट्या नौकेवर पोट असलेल्या माणसाचे यात फार नुकसान होते. अधिकार वाटले म्हणून जबाबदारीही वाटली गेली असे दोन्ही सरकारांनी मानू नये, हे माझे ठाम मत आहे. दोघांनी ठरवले तर ते जमते, हे पावसाळी बंदीत दिसते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस राज्याच्या आदेशाने आतल्या आणि केंद्राच्या आदेशाने बाहेरच्या पाण्यात यांत्रिक नौकांची मासेमारी एकाच वेळी बंद असते.

एका नौकेच्या फाईलमध्येही ही वाटणी दिसते. नोंदणी केंद्राच्या नौवहन कायद्याखाली, मासेमारीचा परवाना राज्याच्या कायद्याखाली, वायरलेस संचाचा परवाना पुन्हा केंद्राचा, आणि डिझेल अजून जीएसटीबाहेर असल्यामुळे त्यावरील मूल्यवर्धित कराचा परतावा राज्याकडून. यातली नोंदणी केंद्राच्या कायद्याखालची असली तरी ती राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा अधिकारीच करतो, आणि त्यामुळे राज्य हे केंद्राचे हाताखालचे खाते असल्याचा समज होतो. वास्तविक केंद्राने आपली कामे राज्याच्या यंत्रणेकडे सोपवण्याची तरतूद अनुच्छेद 258 मध्ये आहे आणि त्यासाठी राज्याला पडणारा जादा प्रशासकीय खर्च केंद्राने द्यावा, असेही तिथे म्हटले आहे.

मात्र ही वाटणी समसमान आहे, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नका. समवर्ती सूचीतील विषयावर संसदेचा आणि विधिमंडळाचा कायदा परस्परविरोधी ठरला, तर अनुच्छेद 254 प्रमाणे संसदेचा कायदा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर तो त्या राज्यापुरता चालतो, पण तोही संसद पुढे रद्द करू शकते. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण आणि वने हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. किनाऱ्यावर याहून मोठा प्रभाव अनुच्छेद 253 चा पडला आहे. आंतरराष्ट्रीय करार किंवा परिषदेतील निर्णय अमलात आणण्यासाठी संसद कोणत्याही विषयावर, अगदी राज्यसूचीतल्यासुद्धा, कायदा करू शकते. 1972 च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा असाच झाला, आणि त्याखाली सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, 1991, 2011 आणि 2019 च्या अधिसूचना निघाल्या. जमीन हा विषय राज्यसूचीत आहे. तरी भरतीरेषेजवळच्या कोळीवाड्यात कोणाला घर वाढवायचे असेल, तर ग्रामपंचायतीच्या परवानगीबरोबर दिल्लीत ठरलेली ही नियमावलीही पाहावी लागते. खारफुटी आणि वाळूचे किनारे वाचावेत यासाठी असा कायदा हवाच होता. पण पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे आणि राज्याचे म्हणणे मसुदा तयार होत असतानाच ऐकले गेले पाहिजे, हरकती मागवून भागत नाही.

पैशाबाबत थोडक्यात सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या विभाज्य (राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या) करांपैकी 41 टक्के वाटा राज्यांना दिला. उपकर आणि अधिभार यांतून मात्र राज्यांना वाटा मिळत नाही. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राला डावलून तिथे काहीही ठरत नाही, आणि राज्यांना डावलूनही नाही. सातव्या अनुसूचीतील सूच्या बदलायच्या असतील, तर संसदेच्या विशेष बहुमताबरोबर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता अनुच्छेद 368 प्रमाणे लागते. वरिष्ठाला कनिष्ठाची अशी मान्यता घ्यावी लागत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हातातील आदेश किंवा अधिसूचनेचे पहिले वाक्य नीट वाचा. कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमान्वये तो आदेश काढला आहे, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते. तो अधिनियम संसदेचा की विधिमंडळाचा, हे पाहिले की कोणाकडे जायचे ते कळते. सही कोणत्या कार्यालयाची आहे यावरून ठरवू नका. आमची संस्था एलईडी मासेमारीविरुद्ध निवेदन देते तेव्हा एकाच मजकुराच्या प्रती सगळीकडे पाठवत नाही. आतल्या पाण्यातील नौकांबद्दल 1981 च्या राज्य अधिनियमाचा हवाला देऊन मत्स्यव्यवसाय आयुक्तांना एक पत्र जाते, बाहेरच्या पाण्याबद्दल केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाला दुसरे जाते, आणि प्रत्येक पत्रात दुसऱ्या पत्राचा जावक क्रमांक लिहिलेला असतो.