केनियाला मिशनच्या कामाला येतेयस तर आधी हे वाच

तू लिहिलंयस की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, धुळ्यात वॉर्ड केला, आता मिशनमार्फत केनियाला 3 वर्षं जायचंय आणि घरचे पगार किती म्हणून विचारतायत. मी नवापूरकडची, इथे केनियातल्या खेड्यातल्या मिशन दवाखान्यात 6 वर्षं झाली, म्हणून सांगते.

पगार नसतो बाई. मानधन असतं, तेपण गावाकडच्या चर्चच्या मंडळीतले लोक जे पाठवतील त्यातून, आणि एखाद्या साली कापूस गेला की तिकडून येणारंही आटतं, त्याचा राग नाही धरायचा. पण परतीचं तिकीट, आजारपणाचा खर्च आणि भाषा शिकायला किती महिने देणार हे लेखी घे. मी लाजले, विचारलंच नाही, आणि दुसऱ्याच आठवड्यात ड्युटीला उभी.

मग काय झालं ऐक. इथल्या स्वाहिली भाषेत तास उजाडल्यापासून मोजतात, आपले सकाळचे 7 म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. मला काय माहीत! एका आईला म्हटलं बाळाला 'सा म्बिली'ला आण, माझ्या डोक्यात दुपारचे 2. ती सकाळी 8 लाच येऊन बाकावर बसली, तापलेलं लेकरू मांडीवर, आणि मी तिच्यासमोरून चार वेळा गेले तरी काही बोलली नाही. लेकरू बरं झालं, पण मी त्याच संध्याकाळी मेट्रनकडे जाऊन भाषेसाठी सुट्टी मागितली.

तशी भाषा जड नाही, पैशाला पेसा, औषधाला दावा, दुकानाला दुका, चहाला चाईच. पण खेड्यातल्या म्हाताऱ्यांना ती पण येत नाही, त्या आपापल्या जमातीचंच बोलतात, आपल्याकडची आजी नाही का मावचीत सगळं सांगते आणि मराठीत नुसती मान हलवते, तसंच.

यलो फीव्हरची लस निघायच्या निदान 10 दिवस आधी सरकारी सेंटरवर घे, कार्ड जपून ठेव, नाहीतर सुट्टीला भारतात उतरल्यावर 6 दिवस क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन इथल्या कौन्सिलचं वेगळं करावं लागतं. आणि स्वेटर आण, हसू नको, जळगावचं 45 सोसलेली मी इथे डोंगरात जुलैत कुडकुडते! जेवायला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमाची भाजी, तिखट नावाला नाही, तर नंदुरबारची मिरची पावडर बॅगेत असू दे.

एक राहिलं. बाबा गेले तेव्हा मी मातीला पोचले नाही, मोबाईलवर पाहिली, नेट मध्येच गेलं. हे आईजवळ बसून आत्ताच बोल, विमानतळावर नको.