व्हिक्टर फ्रँकल वाचून झाल्यावर नाझी छळछावण्यांवरची आणखी कोणती आत्मकथनं वाचावीत?

व्हिक्टर फ्रँकलचं 'अर्थाच्या शोधात' वाचून तुम्ही भारावलात, आता छळछावण्यांतून जिवंत परतलेल्यांची 'अशीच प्रेरणादायी' पुस्तकं हवी आहेत, आणि वाचताना फार त्रास होतो का, असंही विचारलंय. पुस्तकं सुचवते, पण 'अशीच' मिळणार नाहीत हे आधीच सांगते. फ्रँकल या सगळ्यांत अपवाद आहे. आपल्याकडे दुकानात तो 'यशस्वी कसे व्हाल' छापाच्या पुस्तकांशेजारी मांडलेला असतो, म्हणून बहुतेकांची गाठ आधी त्याच्याशीच पडते. मग छळछावणी म्हणजे मनोबलाची परीक्षा, मन खंबीर असेल तो तरला, असं काहीतरी डोक्यात पक्कं बसतं. बाकीचे लेखक बहुतेक सगळे याच्या उलट सांगतात.

खरं तर फ्रँकलनेही तसा दावा केलेला नाही. आमच्यातले सर्वांत चांगले होते ते परतलेच नाहीत, असं तो सुरुवातीलाच लिहून जातो. प्रेरणादायी भाषणांत हे वाक्य कधी ऐकू येत नाही. शिवाय ऑशवित्झमध्ये, म्हणजे व्याप्त पोलंडमधल्या नाझींच्या सर्वांत मोठ्या छावणीत, तो मोजकेच दिवस होता. ऑक्टोबर १९४४ नंतरचे त्याचे महिने गेले जर्मनीतल्या डाखाउ छावणीच्या काउफेरिंग आणि ट्युर्कहाइम या उपछावण्यांत. व्हिएन्नाला परतल्यावर कळलं की आई, भाऊ, बायको कुणीच उरलेलं नाही. त्या अवस्थेत त्याने ९ दिवसांत हे पुस्तक सांगून लिहून घेतलं. मानसोपचारतज्ज्ञ तो आधीपासूनच होता आणि आपला सिद्धान्तही बराचसा सोबत घेऊनच छावणीत गेला होता. एवढं लक्षात ठेवून पुस्तक पुन्हा चाळून पाहा.

पुढचं पुस्तक प्रिमो लेवीचं 'इफ धिस इज अ मॅन' घ्या. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे माझा कल लेवीकडे असणार हे उघड आहे, पण ते कारण सोडूनही मी त्याचंच नाव घेतलं असतं. इटलीतल्या तुरिनचा हा तरुण रसायनतज्ज्ञ फॅसिस्टविरोधी गटात सामील झाला आणि डिसेंबर १९४३ मध्ये पकडला गेला. ज्यू आहे हे त्याने सांगितल्यावर फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याची रवानगी ऑशवित्झला झाली. त्या गाडीत ६५० माणसं होती. ९६ पुरुष आणि २९ स्त्रिया कामासाठी छावणीत गेल्या, उरलेल्या ५०० हून अधिक लोकांपैकी दोन दिवसांनी एकही जिवंत नव्हता. लेवीच्या डब्यात ४५ जण होते, त्यांतले चौघं घरी परतले.

लेवी आक्रोश करत नाही, तो कामकाज समजावून सांगतो. ऑशवित्झचाच भाग असलेल्या मोनोवित्झच्या त्याच्या छावणीतले कैदी आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीच्या कृत्रिम रबराच्या कारखान्यात राबायचे, आणि त्या कारखान्यातून शेवटपर्यंत किलोभरही रबर बाहेर पडलं नाही. पावाचा तुकडा हे तिथलं चलन होतं. लाकडी तळाचा जोडा पायाला लागला की जखम, जखमेची सूज, सुजेमुळे चाल मंद, मग दवाखाना. आणि सुजलेले पाय घेऊन दवाखान्यात गेलेला माणूस बरा होत नाही हे सगळ्यांना ठाऊक, छावण्या चालवणाऱ्या एस.एस. या नाझी दलाला तर विशेषच. नव्या कैद्याला चमचा देत नसत. पाव देऊन तो विकत घ्यायचा, तोवर सूप जनावरासारखं जिभेने लपलप प्यायचं. छावणी मुक्त झाली तेव्हा तिथल्या कोठारांत हजारो कोरे चमचे पडलेले सापडले, असं त्याने १९८६ च्या शेवटच्या पुस्तकात नोंदवलंय. माझ्या वर्गात मी याच चमच्यांबद्दल सांगते. मुलं आधी विचारतात, मग देत का नव्हते? टंचाई नव्हती हे पचायला त्यांना वेळ लागतो.

तो स्वतः का वाचला? रसायनशास्त्राच्या पुस्तकांमुळे त्याला थोडंफार जर्मन येत होतं, आणि ज्यांना हुकूम समजत नसे ते इटालियन कैदी पहिल्या काही आठवड्यांतच मरत. १९४४ मध्ये तो तिथे गेला तोवर जर्मनीला मजुरांची चणचण भासू लागली होती. शेवटच्या हिवाळ्यात त्याला प्रयोगशाळेत, म्हणजे छपराखाली, काम मिळालं. लोरेंझो नावाचा एक इटालियन गवंडी, जो कैदी नव्हता, सहा महिने स्वतःच्या वाटचं सूप त्याला आणून देत राहिला आणि बदल्यात काही घ्यायला तयार नव्हता. जानेवारी १९४५ मध्ये जर्मनांनी चालू शकणाऱ्या कैद्यांना बर्फातून पायी हाकलत नेलं, तेव्हा लेवी स्कार्लेट फीव्हरने अंथरुणात होता, म्हणून मागे राहिला. त्याचा जिवलग मित्र अल्बेर्तो धडधाकट होता. तो त्या तांड्याबरोबर गेला आणि परत आला नाही. आता यात मनोबल कुठे शोधायचं?

१९४७ मध्ये एका मोठ्या प्रकाशनाने हे पुस्तक नाकारलं. छोट्या प्रकाशकाने २५०० प्रती काढल्या, त्याही सगळ्या खपल्या नाहीत. त्याच मोठ्या प्रकाशनाने ते पुन्हा आणलं १९५८ मध्ये. छावणीत लेवीला एक स्वप्न वारंवार पडायचं: आपण घरी पोहोचलोय, सगळं सांगतोय आणि कुणी ऐकतच नाहीये. सुरुवातीची दहा वर्षं जवळपास तसंच झालं.

शेवटच्या त्या पुस्तकात लेवी आणखी पुढे जातो. खरे साक्षीदार आम्ही नव्हेच, तळापर्यंत गेले ते बोलायला उरलेच नाहीत, असं तो म्हणतो. हे साहित्यिक विनयातून आलंय असं समजू नका, हिशेबच तसा आहे. ऑशवित्झवर एवढी पुस्तकं आहेत, कारण तिथे गॅस चेंबरबरोबर कामाची छावणीही होती, आणि कामाला लावलेल्यांतले काही जगले. व्याप्त पोलंडमधल्याच बेल्झेत्स या फक्त मारण्यासाठी उभारलेल्या केंद्राला कामाची छावणी नव्हती. १९४२ च्या मार्च ते डिसेंबर या काळात तिथे चार लाखांहून जास्त ज्यू मारले गेले आणि युद्धानंतर साक्ष नोंदवायला पुढे आले ते जेमतेम दोघं. एक रुडॉल्फ रेडर, ल्वूव (आताचं युक्रेनमधलं ल्विव) शहरातला साबण बनवणारा, साठी ओलांडलेला. धातूचे पत्रे आणायला म्हणून त्याला ल्वूवला नेलं, पहारेकऱ्याला झोप लागली आणि हा निसटला. त्याची छोटीशी पुस्तिका १९४६ मध्ये क्राकूवला निघाली. दुसऱ्याची साक्ष पुरी होण्याआधीच त्याच वर्षी लुब्लिनमध्ये त्याचा खून झाला. म्हणजे आपण जी आत्मकथनं वाचतो ती सगळी अपवादांनी लिहिलेली. 'ते कसे तरले' या प्रश्नाचं धडा म्हणून उत्तर शोधू लागलो, की न तरलेल्यांत काही कमी होतं असं आपण न बोलता म्हणून जातो.

यावर सगळ्यांत फटकळ उत्तर रूथ क्लूगरचं आहे. व्हिएन्नाची ही मुलगी बाराव्या वर्षी ऑशवित्झच्या निवडीच्या, म्हणजे कामाला कुणाला ठेवायचं आणि मारायचं कुणाला हे ठरवणाऱ्या, रांगेत उभी होती. नोंदी करणाऱ्या एका कैदी बाईने तिच्या कानात सांगितलं, पंधरा सांग. तिने पंधरा सांगितले आणि जगली. त्या अनोळखी बाईने असं का केलं याचं स्पष्टीकरण ती देत बसत नाही. पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेल्या रूथचं पुस्तक १९९२ मध्ये जर्मनमध्ये आलं. ऑशवित्झ भोगलेला माणूस इतरांबद्दल इतका अनुदार कसा, असा प्रश्न एका तरुणाने केला, तेव्हा ऑशवित्झ ही काही शिक्षणसंस्था नव्हती, असं तिने सुनावलं. सहानुभूतीने डोळे भरून आलेल्या वाचकाची ती अजिबात गय करत नाही. मला ती फार आवडते.

आपल्याला हे अनोळखी वाटायला नको. दोन दुःखांची तुलना मी करत नाहीये, पण दलित आत्मकथनांचं वाचनही आपल्याकडे बरेचदा असंच होतं: 'परिस्थितीवर मात' तेवढी लक्षात राहते आणि गावाने काय केलं याची पानं पुसट होतात.

शार्लोत देल्बो थोडी नंतर घ्या. ती ज्यू नव्हती, नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीतली होती. नवऱ्याला मे १९४२ मध्ये गोळ्या घातल्या. जानेवारी १९४३ मध्ये तिच्यासह २३० स्त्रियांना एकाच गाडीने ऑशवित्झला पाठवलं, त्यांतल्या ४९ परतल्या. सलग गोष्ट ती सांगत नाही, तुकडे लिहिते, काही कवितेत. तहानेवरची तिची पानं वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. १९४६ मध्ये लिहिलेलं हस्तलिखित तिने १९६५ पर्यंत छापू दिलं नाही. एली वीजेलचं 'नाइट' तुम्हाला कुणीही सुचवेल, शंभर-सव्वाशे पानांचं आहे, जरूर वाचा. पण ते बाप-लेकाचं पुस्तक आहे आणि आपले वडील आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर असताना वाचू नये, एवढंच म्हणेन.

त्रासाबद्दल विचारलंत. होतो. पण लेवीसारख्या लेखकामुळे होणारा त्रास विचार करायला लावणारा असतो, झोप उडवणारा कमी. दोन पुस्तकं पाठोपाठ मात्र घेऊ नका. तिसऱ्या पुस्तकापर्यंत आकडे आणि प्रेतं ओळखीची वाटू लागतात, आणि ते जास्त वाईट.

मुखपृष्ठावर काटेरी तार आणि पट्टेरी कपडे दिसले की आत्मकथन समजू नका. 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' ही कादंबरी आहे, आणि इतिहास समजून घ्यायचा असेल तर ती टाळा असं ऑशवित्झच्या स्मारक-संग्रहालयाने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. अ‍ॅन फ्रँकची डायरीही छावणीबद्दल नाही. ती १ ऑगस्ट १९४४ ला थांबते आणि अटक ४ तारखेला झाली.

विकत घेताना एक सांभाळा: लेवीचं 'इफ धिस इज अ मॅन' आणि 'सर्व्हायव्हल इन ऑशवित्झ' हे एकच पुस्तक आहे, दुसरं नाव अमेरिकन आवृत्तीचं. स्टुअर्ट वुल्फचा अनुवाद बघा, तो खुद्द लेवीबरोबर बसून केलेला आहे.