माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या गाण्याच्या क्लासमध्ये सर नोटेशन, म्हणजे स्वर लिहून दाखवणारी स्वरलिपी, देतच नाहीत, नुसतं ऐकून म्हणायला लावतात, हे बरोबर आहे का?

बरोबरच आहे की, उलट सुरुवातीला हेच हवं. मुलगी नऊ वर्षांची म्हणताय, तिला आत्ताच वही दिली तर ती वाचत बसणार आणि कान बंद. जपानच्या शिनिची सुझुकींनी व्हायोलिन शिकवताना हाच धागा धरला, मूल आधी ऐकून बोलायला लागतं, वाचणं नंतर. आपल्याकडे तर गुरूसमोर बसून तालीम हीच रीत होती, पण गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आता वर्गभर मुलांना एकदम शिकवायचं तर लिहिलेलं काहीतरी लागणारच ना, मग त्यांनी आणि संगीतशास्त्राचे अभ्यासक भातखंड्यांनी आपापली स्वरलिपी बसवली.

पण या लिपीत काय मावत नाही ते बघा. भूप आणि देशकार हे दोन राग, दोन्हीत सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूपात गंधारावर, म्हणजे ग वर, जोर, देशकारात धैवतावर, म्हणजे ध वर, जोर आणि सगळी चाल वरच्या स्वरांच्या अंगाने, हे समोर कोणी गाऊन दाखवल्याशिवाय गळ्यात उतरत नाही. दरबारी रागाचा गंधार तर विचारूच नका, भातखंडे लिपीत ग खाली आडवी रेघ मारली की कोमल, म्हणजे थोडा उतरलेला, झाला, पण त्याचं आंदोलन, म्हणजे स्वराचं ते हळू झुलणं, कुठे लिहिणार?

हां, परीक्षा द्यायच्या असतील तर लिपी लागेलच, तेव्हा सरांशी बोलून सुरू करा. तोवर सरांना विचारून क्लासचं रेकॉर्डिंग घ्या आणि घरी तंबोऱ्याचं ॲप लावून तिला त्यासोबत म्हणू दे.