नातवंडांचे पोलिश पासपोर्ट आणि सासूबाईंची धास्ती

प्रश्न असा आहे: कुटुंब न्यू जर्सीत. बायको लहान असताना, १९८४ साली, आईबरोबर पोलंडमधून आलेली. मुलं अमेरिकेत जन्मलेली, त्यांच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड). उन्हाळ्यात पोलंडमधल्या क्राकूफला जायचं ठरलंय, आणि सासूबाईंचा हट्ट की आधी मुलांचे पोलिश पासपोर्ट काढा, नाहीतर तिकडून सोडणार नाहीत. जावईबापूंना हे म्हातारपणाचं खूळ वाटतंय.

वॉर्सात बरीच वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, खूळ नाही. सोडणार नाहीत ही भीती आज निराधार आहे, पण पासपोर्ट काढा हा सल्ला बरोबर आहे.

सासूबाईंच्या काळात पासपोर्ट माणसाचा नसायचा, सरकारचा असायचा. मंजुरी मिळाली की मिलित्सियाच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, पासपोर्ट कचेरीतून तो हातात यायचा आणि परत आलं की तिथेच जमा करावा लागायचा. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज, पुन्हा परदेशातल्या नातेवाइकाचं निमंत्रणपत्र, पुन्हा डॉलर कुठून आणणार याचा हिशेब. नकार आला तर कारण म्हणून एखादं मोघम सरकारी वाक्य. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी त्यांचा जुना पासपोर्ट दाखवला होता. आतल्या पानावर शिक्का आहे, 'जगातील सर्व देशांसाठी वैध'. त्या शिक्क्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हा मिळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली."

शिवाय नियम कधी फिरेल याचा भरवसा नाही. १ जानेवारी १९७२ पासून पूर्व जर्मनीला साध्या ओळखपत्रावर जाता येऊ लागलं. लोक पिशव्या घेऊन खरेदीला जात. १९८० च्या ऑगस्टमध्ये संप झाले, त्यांतून सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली आणि ३० ऑक्टोबरला पूर्व जर्मनीने दार लावून घेतलं. १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा आला तेव्हा तर सीमाच बंद. त्यानंतर सॉलिडॅरिटीच्या स्थानबद्ध कार्यकर्त्यांना सरकार स्वतःहून पासपोर्ट देऊ करायचं, मात्र एकेरी. जा, परत येऊ नका. सासूबाई याच काळात निघाल्या, तेव्हा त्यांना दोष देऊ नका.

बाहेर पडण्याची किंमत म्हणून परतीची वाट तोडणं तिथे नवं नव्हतंच. १९६८ च्या ज्यूविरोधी मोहिमेनंतर जे हजारो पोलिश ज्यू गेले, त्यांच्या हाती पासपोर्ट नव्हे तर एक 'प्रवास दस्तऐवज' दिला गेला. धारक पोलिश नागरिक नाही, असं त्यावर छापलेलं. परतीची वाट तुटल्याचं त्याआधीचं उदाहरण तर आपल्या कोल्हापूरजवळचं. वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, सैबेरियातून सुटून इराणमार्गे आलेले. १९४८ मध्ये छावणी बंद झाली तेव्हा त्यांतले पुष्कळ पोलंडला न जाता इंग्लंड वगैरेकडे गेले. अनेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती आणि वॉर्सात कम्युनिस्ट बसले होते.

आता मुद्द्याचं. १९८९ मध्ये सत्ता बदलली, पासपोर्ट घरी ठेवता येऊ लागले, १९९१ मध्ये अमेरिकनांना व्हिसाही लागेनासा झाला. पण नागरिकत्वाचा कायदा मात्र १९६२ चाच राहिला, आणि तो म्हणत होता की पोलिश नागरिकाला त्याच वेळी दुसऱ्या देशाचा नागरिक मानता येणार नाही. झालं काय, की अमेरिकन किंवा कॅनेडियन पासपोर्टवर माणूस आत यायचा, सुट्टी घालवायचा आणि परतताना विमानतळावर अडायचा. पासपोर्टात 'जन्मस्थान: पोलंड' दिसलं की खिडकीतला अधिकारी विचारायचा, तुमचा पोलिश पासपोर्ट कुठाय? नसेल तर काढा, मग जा. विमान गेलं, रजा संपली, आणि माणूस कचेऱ्यांच्या चकरा मारतोय. शिकागो आणि टोरंटोकडच्या पोलिश मंडळींनी याला 'पासपोर्टचा सापळा' नाव दिलं होतं. कम्युनिस्ट गेल्यावरही हे चालू होतं, हे मला त्यातलं सगळ्यात चीड आणणारं वाटतं. तुमच्या सासूबाईंनी असे किस्से चर्चच्या आवारात नक्की ऐकले असणार.

नवा कायदा २००९ मध्ये मंजूर झाला आणि १५ ऑगस्ट २०१२ पासून लागू झाला. दुसरं नागरिकत्व असायला आता हरकत नाही, मात्र पोलंडच्या सरकारसमोर तुम्ही पोलिशच. अमेरिकन आहे म्हणून वेगळी वागणूक मागता येत नाही. पोलिश नागरिकाने पोलिश कागदावर ये-जा करावी ही अपेक्षा यातूनच येते. १९९७ च्या संविधानाचं ५२ वं कलम सरळ सांगतं की कुणालाही देश सोडता येतो आणि नागरिकाला परत येण्यापासून रोखता येत नाही. मुलगे असतील तर सक्तीच्या सैन्यभरतीचीही धास्ती असते. ती भरती २००९ मध्येच स्थगित झाली.

मग पासपोर्ट का काढायचा? ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बाहेरच्यांच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झालीय. अमेरिकन पासपोर्ट दाखवलात तर मुलं परकी म्हणून नोंदली जातील आणि १८० दिवसांत ९० दिवसांची मोजदाद सुरू होईल. पोलिश पासपोर्टला यातलं काही लागू नाही.

सुरुवात मुलांपासून नको, बायकोपासून करा. आई पोलिश तर मूल जन्मतःच पोलिश, मागणी करावी लागत नाही, फक्त सिद्ध करावं लागतं. म्हणून मायलेकी कोणत्या कागदावर बाहेर पडल्या ते आधी बघा, आणि सासूबाईंनी पुढे कधी नागरिकत्व सोडायचा अर्ज केला होता का, तेही विचारा. नुसतं अमेरिकन नागरिकत्व घेतल्याने पोलिश सहसा जात नाही. मग मुलांच्या जन्मदाखल्यांची पोलिश नागरी नोंदणीत नोंद (शपथबद्ध अनुवादकाचं भाषांतर लागतं, घरच्या घरी केलेलं चालत नाही) आणि शेवटी वाणिज्य दूतावासात पासपोर्टचा अर्ज. त्याला दोन्ही पालकांची संमती लागते, म्हणजे रजा तुम्हालाही टाकावी लागेल.

हे वाचून भारतीय पासपोर्टवाल्या मुलांचे पालक उत्साहाने अर्ज करतील, त्यांनी थांबावं. भारत दोन पासपोर्ट मानत नाही, आधी तिकडची बाजू वकिलाकडून तपासा. तुमच्या मुलांकडे ओसीआय आहे, तुम्हाला ही अडचण नाही.

उन्हाळ्याआधी दूतावासात भेटीची वेळ मिळणं मुश्कील होतं. या वर्षी जमलं नाही तर अमेरिकन पासपोर्टवर बिनधास्त जाऊन या, फक्त मुलांच्या परतीच्या तिकिटाची प्रत आणि बायकोचा जुना पोलिश कागद असेल तर तो जवळ ठेवा.