टाकीतून मारतो, शेततळ्यातून उचलत नाही

प्रश्न : आमच्या नगरपंचायतीचा अग्निशमन बंब टाकीतलं पाणी जोरात मारतो. पण कापसाच्या गंजीला आग लागली तेव्हा शेततळ्यातून पाणी उचललंच नाही. मेकॅनिक म्हणतो, पंप बदला. काय करावं?
– चालक-ऑपरेटर, यवतमाळ जिल्हा

उत्तर : पंप बदलू नका. टाकीतून मारतो म्हणजे इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) ठीक आहे. बहुधा पंप कुठेतरी हवा घेतोय. ती जागा शोधायला अर्धा तास पुरे.

सक्शन पाईप (पाणी ओढणारा) काढून इनलेटला ब्लँक कॅप, म्हणजे बंद झाकण, लावा. पंपातलं पाणी सोडून द्या, मग ड्रेन कॉक, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. डिलिव्हरीची झाकणं मात्र काढून ठेवा, नाहीतर गळका व्हॉल्व्ह झाकणाआड लपतो. प्रायमर (पंपातली हवा ओढून काढणारं यंत्र) चालवून व्हॅक्यूम पाऱ्याच्या 22 इंचांवर न्या, इंजिन बंद करा आणि व्हॅक्यूम गेजच्या काट्यावर नजर ठेवा. 5 मिनिटांत 10 इंचांपेक्षा जास्त घसरला तर गळती आहे. काटा मुळात चढलाच नाही तर आधी प्रायमर तपासा.

गळती सापडेना तर सांध्यांवर साबणाचा फेस लावा. जिथे तो आत ओढला जाईल तीच जागा. ग्लँड पॅकिंग (पंपाच्या दांड्याभोवतीचं सील), ड्रेन कॉक आणि डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या सीट हे नेहमीचे गुन्हेगार. एवढ्यात काटा टिकला, तर सक्शन पाईप जोडा, पाईपच्या टोकाच्या जाळीच्या जागी ब्लँक कॅप लावून तीच चाचणी पुन्हा घ्या. आता घसरला तर दोष बहुधा कपलिंगच्या वॉशरचा. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होऊन तडकतं. चार वॉशर गाडीत कायम असू द्या.

सगळं घट्ट निघालं तर चूक मांडणीत शोधा. शेततळ्याचा बांध उंच, बंब खाली उभा. पाईप बांधावर चढतो आणि पुन्हा पंपाकडे उतरतो. त्या कुबडात हवा अडकते. पाण्यापासून पंपापर्यंत पाईप सतत चढता असायला पाहिजे. बांधावर गाडी जात नसेल तर पोर्टेबल पंप वर न्या. जाळी पाण्याखाली निदान दोन फूट ठेवा, वर असली तर भोवरा पडून हवा शिरते. पण गाळातही टेकू देऊ नका. दोरीने बांधून टोपल्यात ठेवली की काम भागतं. काळ्या मातीचं पाणी ओढल्यावर पंप स्वच्छ पाण्याने धुवा, नाहीतर वेअर रिंग (इंपेलरभोवतीचं कडं) झिजते.

विहिरीचं गणित वेगळं. पाण्याची पातळी पंपापासून सुमारे 7 मीटरपेक्षा खोल असेल तर वर ठेवलेला कुठलाही चांगला पंप ते उचलणार नाही. मे महिन्यात कितीतरी विहिरी त्याखाली जातात. अशा वेळी शेतकऱ्याच्या मोटारीने टाकी भरून घेणंच बरं. वीज नसेल तर मात्र दुसरं पाणी शोधा.

प्रश्न : गाडी आठवडे उभी असते. टाकी रिकामी ठेवावी का?
– नगरपरिषद कर्मचारी, वाशीम जिल्हा

उत्तर : नाही, काठोकाठ भरलेलीच ठेवा. अर्धी टाकी वळणावर डचमळते आणि गाडी उलटू शकते. 4500 लिटर म्हणजे साडेचार टन कायम टायरवर, म्हणून आठवड्याला हवा तपासा. टायरवर 1822 असं छापलं असेल तर तो 2022च्या 18व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी वय बघा. नुसतं सुरू करून बंद केल्याने बॅटरी उतरते, चांगली फेरी मारून आणा. परतल्यावर ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी सोडा.