झोपेत तोंड उघडं राहतं, स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत श्वास अडण्याचा आजार) कोणता मास्क नीट बसेल?

नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क घ्या, आणि त्याचं माप आडवं पडून, मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन चालू ठेवूनच ठरवा. नुसता नाकाचा मास्क लावला की आत आलेली हवा उघड्या तोंडातून निसटते. दाब टिकत नाही, घसा कोरडा पडतो. बसलेलं असताना बहुतेक मास्क बरोबरच वाटतात, पण आडवं झाल्यावर गाल आणि जबडा सैल पडतात नि तिथूनच गळती सुरू होते. म्हणून रोजच्या कुशीवर झोपा, तोंड किंचित उघडा आणि खालची कड खालच्या ओठाच्या खाली टेकतेय ना, ते पाहा. हवा जायला लागली की पट्टे आवळत सुटू नका, कृपा करून. मास्क चेहऱ्यापासून जरा उचला, कडेची गादी हवेने फुगू द्या, मग परत टेकवा. तरीही गळत असेल तर माप किंवा मॉडेल बदला. पट्टे फार घट्ट केले तर नाकाच्या हाडावर जखम होते. मात्र नाक चोंदल्यामुळेच तोंडाने श्वास घेत असाल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाक मोकळं झालं आणि मशीनला हवा ओलसर करणारा गरम ह्युमिडिफायर जोडला, तर नाकाचा लहान मास्कही पुरू शकतो.